मैला तर कपडा असतो

त्या वहीचं तिसरं पान टाइप करता करता मी उठले आणि मोरीत जाऊन ओकले. चूळ भरून परत आले तेव्हा पडद्यावरचा कर्सर त्याच शब्दापाशी लुकलुकत होता. मी पंखा मोठा केला, पदर नाकाशी धरला, जणू वास संगणकातूनच येत होता, आणि पुढचं वाक्य वाचलं.

झाशीत रेल्वेच्या एका कचेरीत मी आयुष्यभर टंकलेखक होते. वडीलही रेल्वेतच होते. त्यांच्या बदलीबरोबर आम्ही इथे आलो आणि इथलेच होऊन गेलो. माझे यजमान एका सरकारी कंपनीत इंजिनिअर होते. दोघंही निवृत्त झाल्यावर पुढच्या खोलीत मी एक संगणक घेऊन बसले. लोकांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, मुलांचे बायोडेटा, आणि गणपतीच्या आधी आमच्या महाराष्ट्र मंडळाची स्मरणिका, एवढं काम असायचं. मराठी आणि हिंदी दोन्हीत माझी बोटं न बघता चालतात.

वही घेऊन आली होती सफाई कामगारांच्या वस्तीतली एक सून. वय असेल तिशीच्या आसपास. दहावीपर्यंत शिकलेली. ती आणि तिच्या वस्तीतल्या पाच-सहा बायका ठेकेदारामार्फत स्टेशनची सफाई करत. पहिल्यांदा ती हातमोजे मागणारा अर्ज टाइप करून घ्यायला आली होती. दुसऱ्यांदा आली ती ही वही घेऊन. वस्तीतल्या बायका आपापलं सांगतात आणि ती लिहून घेते, असं म्हणाली. त्यांना चार पानांचा एक परचा छापायचा होता, दर दोन-तीन महिन्यांनी. नाव काही नाही, नुसता परचा. वस्तीत वाटायचा, नातेवाइकांकडे पाठवायचा. मी का टाइप करून देऊ असं मी विचारलं नाही, आणि तुम्ही का करून द्याल असं तिनेही विचारलं नाही. मला वाटतं, माझ्या खोलीत तिला हिंदी टाइप करणारी एक बाई दिसली होती, एवढंच.

पहिला मजकूर तिच्या सासूचा होता. सासूला लिहिता-वाचता येत नव्हतं. गरौठ्याच्या बाजूच्या एका गावात लग्न होऊन ती गेली, तेव्हाची हकीकत होती. ज्या घरांचे संडास साफ करायचे, त्या घरांना मिळून त्यांच्यात जागीर म्हणतात. लग्नानंतर चौथ्या दिवशी तिच्या सासूने तिला आपली जागीर दाखवली, गल्लीगल्लीतून फिरवून, घर न घर. मग डोक्यावर टोपली दिली. तिने एका घरी मालकिणीला विनंती केली की वरून थोडी राख टाकत जा, म्हणजे उचलायला सोपं जाईल. मालकीण म्हणाली, तुला कशाला राख, तुम्हाला सवय असते. तिसऱ्या पानावर पावसाळा होता. टोपली गळते. ओघळ केसांतून कपाळावर येतो, कपाळावरून ओठांवर. तोंड उघडलं की आत जाईल, म्हणून ओठ घट्ट मिटून गावाबाहेरच्या खड्ड्यापर्यंत चालायचं. आणि त्याच गल्लीत एक बाई गच्चीवरून भाकरी टाकते, ती पदरात झेलायची.

मी ओकले ते इथे.

नंतर कितीतरी दिवस माझी समजूत होती की ती किळस म्हणजे माझ्या चांगुलपणाचा पुरावा आहे. एवढं वाचून पोटात ढवळतं म्हणजे माणूस संवेदनशील असणार. आता तसं वाटत नाही. मला त्या मालकिणीची किळस आली नव्हती, भाकरी टाकणारीची आली नव्हती. मला त्या ओघळाची किळस आली होती, आणि तो ओघळ ज्या तोंडावर आला त्या तोंडाची.

मजकूर टाइप करून मी ओळखीच्या छापखान्यात गेले. मंडळाची स्मरणिका तिथेच छापून होते. मालक मला दीदीजी म्हणतो, खुर्ची पुसून देतो. सून माझ्याबरोबर होती. ती दाराशी उभी राहिली आणि तिला कोणी बस म्हटलं नाही, मीही नाही. मालकाने पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, आणि कागद बोटांच्या टोकांनी टेबलावर ठेवला. म्हणाला की दीदीजी, याच मशीनवर सत्यनारायणाच्या कथेच्या पत्रिका निघतात, हा शब्द मी या मशीनवर चढवू शकत नाही. बोलताना त्याचा हात एका गठ्ठ्यावर टेकला होता. गुप्तरोगाच्या हकिमाची ती गुलाबी हस्तपत्रकं होती. त्यांवर काय काय छापलं होतं ते मी इथे लिहिणार नाही. भिंतीला टेकून कॉप्यांच्या पुस्तिकांचे गठ्ठे होते, परीक्षेला पोरं खिशात घालून नेतात तसले, तळहाताएवढे. ते सगळं त्या मशीनवर चढत होतं.

मी हे त्याला म्हणू शकले असते. म्हटलं नाही. मी विचारलं की शब्द बदलला तर? तो लगेच खूश झाला. 'मैला' लिहा की, म्हणाला, सरकारी कागदातही तसंच लिहितात. मी घरी येऊन शोधा-आणि-बदला केलं. वहीत जिथे जिथे 'गू' होतं, तिथे तिथे 'मैला' झालं. एका कळीचं काम. सुनेला मी सांगितलं की अर्थ तोच आहे. 

परचा छापून आला. कागद पातळ, शाई जरा फिकी, पण वर ठळक अक्षरात मथळा होता आणि मला अभिमान वाटत होता. मी त्या बायकांना घरी बोलावलं. सहा जणी आल्या. व्हरांड्यात मी चटई अंथरली आणि सासूसाठी खुर्ची ठेवली. सुनेने परचा वाचायला सुरुवात केली. सासू डोळे मिटून ऐकत होती, आपलंच सांगितलेलं दुसऱ्याच्या तोंडून. दुसऱ्या परिच्छेदात तिने डोळे उघडले. सुनेला थांबवलं आणि हा शब्द कुठला, असं विचारलं. सुनेने माझ्याकडे पाहिलं.

मी समजावायला गेले. छापखान्याचा नियम, सरकारी शब्द, सभ्य भाषा. म्हातारीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मैलो तो कपड़ा होत है, दीदी। हमने गू उठाओ है।"

आवाज चढवला नव्हता. चूक दाखवावी तशी ती म्हणाली, टंकलेखनातली चूक दाखवतात तशी. खरंच होतं. हिंदीत मैला म्हणजे मळलेला; मैला तर कपडा असतो, चादर असते, धुतली की स्वच्छ होते.

मग त्यांनी काय केलं, तर सुनेने पिशवीतून पेनं काढली आणि अक्षरओळख असलेल्या तिघींनी प्रत्येक प्रतीत 'मैला' शब्दावर आडवी रेघ मारून वर हाताने 'गू' लिहायला घेतलं. बाकीच्या तिघी कागद सरळ करून पुढे सरकवत होत्या. मीही पेन घेऊन बसले. संध्याकाळपर्यंत आमच्या व्हरांड्यात सात बायका त्याच एका शब्दाच्या मागे होत्या, आणि त्यांच्यात हसणं-खिदळणं चाललं होतं. मध्ये मी चहा केला. कागदी पेल्यांतून दिला. ते पेले आमच्या घरी मुद्दाम आणलेले होते. यजमान म्हणाले होते, त्या येणार आहेत तर वापरून टाकायचे आण, धुण्याची कटकट नको. ती कटकट कुठली ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं आणि आम्ही ते बोललो नाही.

त्या गेल्या. मी फाटक लावलं, आत आले, बादलीत फिनाइल ओतलं आणि व्हरांडा धुतला. खुर्ची बाहेर काढून तिच्यावर वेगळी बादली ओतली. चटई दोरीवर टाकली. कोणी सांगितलं नव्हतं. हात आपोआप चालत होते. माझ्या आईचे हात चालायचे तसे, सोवळ्या-ओवळ्याची एक मांडणी अंगात मुरलेली असते तिच्याप्रमाणे. मधेच फाटकाची कडी वाजल्यासारखी वाटली. मी वळून पाहिलं, कोणी नव्हतं.

पुढचे दोन परचे असेच निघाले. छापखाना त्यांनी सोडला. कोर्टकचेरीसमोर फोटोकॉपीची दुकानं आहेत, तिथे दिवसभर वकिलांचे कागद निघत असतात आणि दुकानदार कुठलाही कागद वाचत नाही. सून म्हणाली, आपल्याला असाच माणूस हवा. मी टाइप करून एक प्रत काढून द्यायची, बाकीच्या ती तिथून काढायची. शब्द मी बदलले नाहीत. बायका घरी यायच्या, चहा व्हायचा, त्या गेल्या की फिनाइल. आता मी ते यजमान आतल्या खोलीत असताना करायची, म्हणजे मला लाज वाटायला लागली होती. लाज वाटत असूनही करायची, ही त्यातली सगळ्यात ओंगळ गोष्ट.

मग मंडळाची स्मरणिका आली. आमचे कार्यवाह म्हणजे यजमानांचेच जुने सहकारी. सेवानिवृत्त, हौशी, चार ओळी कवितेच्या करणारे. एकदा ते आमच्याकडे आले असताना टेबलावर परचा पडलेला होता. त्यांनी उचलला, वाचला, डोळे पुसले. खरंच पुसले. वहिनी, हे मराठीत यायला हवं, म्हणाले, आणि परचा खिशात घालून गेले. मी हो म्हटलं की नाही ते आता आठवत नाही. अडवलं नाही हे आठवतं.

स्मरणिका मी नेहमी टाइप करते, पण त्या वर्षी त्यांनी आपलं पान स्वतःच करून परस्पर छापखान्यात दिलं. मला चकित करायचं होतं म्हणे. गणपतीतल्या कार्यक्रमात त्यांनी ते वाचून दाखवलं. त्यांच्या स्वतःच्या नावाने कथा होती ती. त्यात एक म्हातारी होती, पण तिच्या डोक्यावर टोपली नव्हती, 'दुःखाचा भार' होता. ओघळ नव्हता. राख नव्हती. गच्चीवरून भाकरी टाकणारी बाई नव्हती. तिच्या जागी एक सुसंस्कृत मराठी गृहिणी होती, जी त्या म्हातारीला आपल्या खुर्चीवर बसवते, आपल्या घरातल्या चिनी मातीच्या कपात चहा देते, आणि म्हातारी रडत रडत तिच्या पायांवर डोकं ठेवते. गृहिणी तिला उठवून उराशी धरते.

सभागृहात बायका पदराने डोळे टिपत होत्या. माझ्या शेजारची माझा हात दाबून म्हणाली, तुम्हीच ना त्या? मग कार्यवाहांनी माझं नाव पुकारलं. मी व्यासपीठावर गेले. शाल घेतली, नारळ घेतला, हात जोडले.   नको म्हणायला एक क्षण लागतो, तो क्षण माझ्याजवळ होता आणि मी तो नारळ सावरण्यात घालवला.

त्या सभागृहाची सफाई कोण करत असेल हा विचार आमच्यापैकी कोणाच्या मनात आला नव्हता. महाप्रसादाच्या दुसऱ्या दिवशी परच्यातल्याच दोघी तिथे पत्रावळी उचलत होत्या. खुर्च्यांखाली स्मरणिका पडलेल्या होत्या. एकीने कथेच्या पानावरचा माझा फोटो ओळखला आणि प्रत सुनेला नेऊन दिली.

सून दुपारी आली. एकटीच. खुर्चीवर बसली नाही, दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. म्हणाली की लिपी तर कळते, पण भाषा पूर्ण कळत नाही, तुम्ही वाचून हिंदीत सांगा. मी सांगत गेले. पायांवर डोकं ठेवण्यापर्यंत आले आणि तो परिच्छेद ओलांडून शेवटाकडे गेले.

"वो भी पढ़िए," ती म्हणाली, "जो आप छोड़ गईं।"

मी वाचलं. कप, पाय, मिठी, सगळं. तिने मान हलवली. आमच्या सासूबाई कुणाच्या पाया पडल्या हे त्यांना विचारायला हवं, एवढंच म्हणाली. मग पिशवीतून एक वहीचं पान काढून माझ्या कीबोर्डवर ठेवलं. पुढच्या परच्यासाठी आहे, म्हणाली. "जैसा लिखा है, वैसा ही टाइप कर दीजिए।"

पानाच्या वरच्या अर्ध्या भागात म्हातारीची हकीकत पुन्हा होती, पहिल्यासारखी. खाली लिहिलं होतं की ही गोष्ट आमची आहे, आम्हाला न विचारता एका साहेबांनी आपल्या नावाने छापली आणि त्यात आम्हाला कोणाच्या तरी पायांवर घातलं. आणि त्याच्याखाली माझ्याबद्दल होतं. नाव नव्हतं. 'टाइप करणारी दीदी' एवढंच. की ती चांगलं टाइप करते. की ती चहा कागदी पेल्यात देते, आणि तिच्या मंडळातल्या बायका आल्या की कपबशीत देते, हे आम्ही खिडकीतून पाहिलं आहे. की पहिल्या दिवशी आमच्यातली एक जण विसरलेली पिशवी घ्यायला फाटकापर्यंत परत गेली होती, तेव्हा दीदी खुर्चीवर फिनाइलचं पाणी ओतत होती. की आमच्या त्या बाईने ती पिशवी मग घेतलीच नाही, तशीच परत आली.

ती पिशवी मला सापडली होती, कुंडीमागे. कुठल्या तरी कामवालीची असेल म्हणून मी कचऱ्यात टाकली होती.

सून उभीच होती. मी टाइप करायला बसले. माझी बोटं न बघता चालतात, पण त्या दिवशी मला प्रत्येक अक्षर बघून दाबावं लागलं. 'फिनाइल' तिने चुकीचं लिहिलं होतं. मी थांबले आणि विचारलं, हे दुरुस्त करू का? तिने वाकून पाहिलं आणि म्हणाली, हो, चूक असेल तर करा. बाकी काही मी बदललं नाही. तिच्या हातात प्रत दिली तेव्हा मला माफी मागायची होती. शब्द तोंडात आले आणि मला त्यांचीच शिसारी आली, इतके ते त्या कथेतल्या शब्दांसारखे होते. मी ते गिळले आणि संगणक बंद केला. तीही थांबली नाही.

परचा निघाला. त्या बायकांनी तो सभागृहाच्या दाराशी वाटला, शुक्रवारच्या भजनाच्या वेळी, हातात हात दिल्यासारखा प्रत्येकीला. कार्यवाहांचा फोन आला. आवाज दुखावलेला होता. तुमच्याच संगणकावर हे टाइप झालं का, असं विचारलं. मी हो म्हटलं. ते म्हणाले की मी तर त्यांच्या दुःखाला भाषा दिली, वहिनी, आणि तुम्ही एक खुलासा लिहून द्या की खुर्ची तुम्ही नेहमीच्या साफसफाईसाठी धुतली होती. मी म्हटलं, नाही, मी त्यांच्यासाठीच धुतली होती. 

यजमान चिडले. चार लोकांत राहायचं आहे, म्हणाले. मी त्यांना विचारलं की पेले कोणी आणायला सांगितले होते. 

पण खरी किळस याच्याही पुढे होती. मला वाटलं होतं, मंडळातल्या बायका मला टाळतील, तोंडावर बोलतील. तसं काही झालं नाही. त्या एकेक करून मला धीर द्यायला आल्या. एकीने स्वयंपाकघरात गाठून कानाशी सांगितलं की त्यात काय एवढं, मीही धुते, सगळ्याच धुतात, फक्त बोलत नाही कोणी. दुसरी म्हणाली, फिनाइलने नाही, मी तर गोमूत्र शिंपडते, आणि हसली. तिसरीने मला लाडू आणून दिले. प्रत्येकीच्या डोळ्यांत एक जवळीक होती, जी आधी कधी नव्हती. मी आता पक्की त्यांच्यातली झाले होते. त्यांच्या त्या मऊ, उबदार हातांचा स्पर्श माझ्या दंडाला व्हायचा आणि अंगावर काटा यायचा. लाडू मी खाल्ले नाहीत. फेकलेही नाहीत. डब्यात तसेच राहिले, त्यांना बुरशी आली.

मंडळाची स्मरणिका मी आता करत नाही. सून पुन्हा टाइपिंगसाठी आली नाही. मी निरोप पाठवला होता, तर उत्तर आलं की आता मोबाइलवर जमतं. काही महिन्यांनी कळलं की कोर्टकचेरीसमोरच्या त्या फोटोकॉपीवाल्याने तिला संगणकावर बसवलं आहे. सकाळी स्टेशन, दुपारनंतर दुकान. शहरातल्या भल्याभल्या घरांतले लोक तिच्या पुढ्यात वाकून आपले अर्ज सांगतात आणि ती ते लिहून काढते. तिथे तिला आडनाव कोणी विचारत नाही, किंवा विचारलं तर ती सांगत नसावी, मला माहीत नाही.

परचा अजून निघतो. मी तो दुकानात जाऊन घेते. ती मला पाहून उठत नाही आणि तोंडही फिरवत नाही, हातातलं वाक्य पूर्ण करते, मग बाजूच्या गठ्ठ्यातून एक प्रत काढून देते. गेल्या खेपेला मी विचारलं की सासूबाई कशा आहेत. बऱ्या आहेत, म्हणाली, बरुआसागरला लेकीकडे गेल्या आहेत, तिथल्या बायकांचं ऐकून घ्यायला, पुढचा अंक तिथला आहे. मग तिने रांगेतल्या पुढच्या माणसाला खूण केली, आणि मी बाजूला झाले.